हळद एकच, कायदे तीन

दिवाळी तोंडावर आली आहे. गावोगावच्या गटांत भाजणी भाजणं सुरू झालं आहे आणि आमच्या फोनवर प्रश्नांची रांग लागली आहे. सिल्लोडहून विचारतात, मिरचीपूड पाकिटात भरली तर लायसन लागतं का? पैठणकडच्या एका गटाला साबण करायचा आहे. वैजापूरच्या ताईंनी शेवग्याच्या पाल्याची पावडर करून ठेवली आहे, आता पाकिटावर काय छापू म्हणतात. आम्ही प्रभागसंघाचं काम बघणाऱ्या बाया, वकील नाही. पण या कागदांपायी इतक्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो आहोत की जे कळलं ते आज २०२४ च्या दिवाळीआधी तुमच्या कानावर घालावं असं वाटलं.

सुरुवात हळदीपासून करू. आपल्या मराठवाड्यातली वसमतची हळद घ्या. दळली, पाकिटात भरली, वर ‘हळद पावडर’ लिहिलं. ते झालं अन्न. त्याच हळदीत मसूर डाळीचं पीठ, चंदन, आंबेहळद मिसळली आणि ‘चेहऱ्याचा लेप’ म्हणून विकली, तर ते झालं सौंदर्यप्रसाधन. आणि तीच हळद ‘सांधेदुखीवर रामबाण’ लिहून दिली, तर ते झालं औषध. डबा तोच, चमचा तोच, बाईही तीच. पण पहिल्यासाठी वर्षाला १०० रुपयांची नोंदणी पुरते आणि उरलेल्या दोन्हींसाठी कारखान्याचा परवाना लागतो. वस्तू कशाची केली एवढंच कायदा बघत नाही. ती कशासाठी म्हणून विकता, हे बघतो. आमच्याकडे येणारे निम्मे प्रश्न या एकाच गोष्टीपाशी अडकलेले असतात.

आता अन्नाचं बघू, कारण बहुतेक गट त्यातच आहेत. पापड, कुरडया, शेवया, सांडगे, येसर, काळा मसाला, कारळाची चटणी, फराळ, सगळं यात आलं. यासाठी २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आहे, तो २०११ पासून लागू झाला. वर्षाची विक्री १२ लाखांच्या आत असेल तर परवाना नको, नोंदणी पुरे, असा २०२४ मध्ये नियम होता. ती ऑनलाइन होते, फॉसकॉस नावाच्या सरकारी संकेतस्थळावर. फोटो आणि ओळखपत्र लागतं. फी वर्षाला १०० रुपये. एकदम पाच वर्षांची भरली तर ५००. सेवा केंद्रावर गेलात तर तो आपल्या कामाचे पैसे वर घेईल, ते त्याचं बरोबरच आहे. पण कोणी ‘लायसनचे तीन हजार’ म्हणाला तर विचारा, बाबा, यातले सरकारचे किती आणि तुझे किती? पावती दाखव. एवढं विचारलं की आकडा खाली येतो, हा आमचा अनुभव.

नोंदणी झाली की १४ आकडी क्रमांक मिळतो. अर्ज दिल्यावर सात दिवसांत एकतर नोंदणी द्यायची, नाही तर कारण सांगून नाकारायची, नाही तर जागा बघायला येतो म्हणून कळवायचं, असं नियमच सांगतो. म्हणजे ‘साहेब रजेवर आहेत, दोन महिन्यांनी या’ हे ऐकून घ्यायची गरज नाही.

इथे एक गोष्ट नीट ऐका. नोंदणी गटाच्या नावाची असली तरी ती जागेची असते. एक जागा, एक नोंदणी. दहा बायांचा गट, दहा घरांत मसाला कुटला जातो आणि कागद फक्त अध्यक्षांच्या घराचा, हे चालत नाही. यावर आमच्या बैठकीत बराच कालवा झाला. दहा जणींनी दहा नोंदण्या काढायच्या का? बऱ्याच गटांनी शेवटी मधला रस्ता धरला. निवडणं-वाळवणं आधी उरकायचं, पण भाजणं, दळणं, वजन आणि पाकीट एकाच खोलीत, तिथेच सगळ्यांनी यायचं. लिज्जत पापडाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन ते सुरू केलं. तिथेही पीठ शाखेवर मळलं जातं, बाया ते घरी नेऊन लाटतात आणि वाळलेले पापड तपासून परत घेतले जातात. हजारो घरांत लाटलेला पापड चवीला एकसारखा लागतो, कारण पीठ एका हाताखालचं असतं. आपली खोली छोटी असली तरी गोष्ट तीच.

आणि प्रभागसंघ सगळ्या गटांचा माल गोळा करून स्वतःच्या नावाने विकत असेल, तर विक्री प्रभागसंघाची धरली जाते. ती नोंदणीच्या मर्यादेच्या वर गेली की राज्याचा परवाना काढावा लागतो. हिशेबाची वही म्हणूनच आधी नीट ठेवा. कित्येक गटांना आपली वर्षाची विक्री किती, हे बँकेने विचारल्यावरच कळतं.

सुटा माल आणि पाकीटबंद माल यातला फरकही लक्षात घ्या. आठवडी बाजारात गिऱ्हाइकासमोर मोजून दिलेल्या शेवयांना लेबल लागत नाही, नोंदणी मात्र लागते. आधीच भरून, चिकटवून ठेवलेलं पाकीट विकलं की लेबलाचे सगळे नियम आले. आणि वर्तमानपत्रात बांधून द्यायचं आता बंद करा. २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांनी खाण्याच्या वस्तूला रद्दी पेपर लावायला मनाई आहे. शाई तेलात उतरते. भजी काढून ठेवलेला कागद आठवा, अक्षरं भज्यावर उमटलेली असतात.

लेबल. इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत सर्व करांसह, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बॅच क्रमांक, नोंदणीचा क्रमांक त्याच्या चिन्हासह, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, आणि शाकाहारी असेल तर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. घटक लिहिताना जे वजनाने जास्त ते आधी. आमच्या येसरात गहू आणि हरभरा डाळ जास्त असते, तर तेच पुढे. कोणी ‘खोबरं, खसखस’ पुढे लिहितं कारण ते भारी वाटतं. तसं करायचं नाही. शेंगदाणे, गहू, दूध, सोयाबीन असलं तर ते वेगळं ठळक सांगायचं, कारण काही जणांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेततं. पौष्टिकतेचा तक्ता कोणत्या पदार्थाला लागतो आणि कोणत्याला सूट आहे, हे छपाईआधी अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत विचारून घ्या. १००० लेबलं छापून झाल्यावर विचारू नका.

भाषेचं एक सांगतो, ते ऐकून आम्ही बैठकीत सगळ्याच हसलो होतो आणि मग गप्प झालो. नियम म्हणतो, लेबलावरचा कायद्याने लागणारा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत पाहिजे. त्याच्या जोडीला दुसरी कुठलीही भाषा चालेल. म्हणजे आपण नुसतं मराठीत, अगदी शुद्ध मराठीत लेबल छापलं, तर ते अपुरं! खरेदी करणारी मराठी, विकणारी मराठी, आणि ‘साहित्य’ शब्दाशेजारी ‘सामग्री’ लिहायची. आम्हाला हा नियम खटकतो, पण छपाईचे पैसे दोनदा देण्यापेक्षा आम्ही दोन्ही भाषा छापतो.

वजन आणि किंमत हा दुसऱ्या खात्याचा विषय आहे, वैध मापन खात्याचा. काट्यावर त्यांचा शिक्का पाहिजे आणि इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. स्वयंपाकघरातला शोभेचा काटा चालत नाही. आता पाकिटावर एका ग्रॅमचा भावही लिहावा लागतो. २०० ग्रॅमचं पाकीट १२० रुपयांना, तर ग्रॅमला ६० पैसे. आणि पाकिटं भरणाऱ्याने या खात्यातही नाव नोंदवायचं असतं, काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत. हे बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही.

तुम्ही म्हणाल, पाकिटं शंभर, त्यावर एवढी अक्षरं! दुसरं काही कंटाळून सोडलं तरी बॅच क्रमांक सोडू नका, आणि का ते सांगतो. फेब्रुवारी २००५ मध्ये इंग्लंडमध्ये दुकानांतून शेकडो वस्तू मागे घ्याव्या लागल्या. पिझ्झा, सूप, तयार जेवणाचे डबे. कारण? भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत सुदान नावाचा लाल रंग सापडला. हा रंग बूट पॉलिशमध्ये वापरतात, खायला बंदी आहे. ती पूड एका सॉसमध्ये गेली, तो सॉस शेकडो पदार्थांत गेला. पण कोणता सॉस कुठे गेला याच्या नोंदी होत्या, म्हणून माल शोधून काढता आला. आता सिल्लोडच्या बाजारात आपण मिरची घेतो. चार व्यापाऱ्यांकडून चार पोती. एका पोत्याला रंग मारलेला निघाला आणि पाकिटांवर बॅच नसेल, तर सगळ्या हंगामाचा माल परत आणावा लागेल. बॅच असेल तर त्या दिवसाची ४० पाकिटं. आम्ही तारीखच बॅच म्हणून लिहितो आणि वहीत त्या तारखेपुढे मिरची कोणाकडची, हळद कोणाकडची, भाजायला कोण होत्या, हे टिपतो. शिवाय प्रत्येक बॅचचं एक पाकीट तारीख संपेपर्यंत कपाटात ठेवतो. त्याने दोन कामं होतात. तक्रार आली तर दाखवायला पाकीट असतं, आणि चटणी खरंच तीन महिने टिकते का तेही कळतं. तारीख दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवू नका. त्याचं तेल वेगळं, त्याचं पाकीट वेगळं.

आता येतो दाव्यांकडे. मागे एका प्रदर्शनात आमच्या शेजारच्या स्टॉलवर नाचणी सत्त्व होतं. माल उत्तम. पण पाकिटावर ‘शुगर नियंत्रणात ठेवते’ असं छापलेलं. एक वयस्कर काका आले, चार पाकिटं घेतली आणि म्हणाले, “बरं झालं बाई, आता त्या गोळ्यांचा खर्च वाचेल.” स्टॉलवरची मुलगी गोंधळली. आमच्यातल्या एकीने काकांना बाजूला बसवलं, गोळ्या बंद करू नका, सत्त्व हे खाणं आहे, असं सांगितलं. त्यांनी एकच पाकीट ठेवलं. तीन पाकिटांची विक्री गेली. त्या गटाने मग उरलेली लेबलं बदलली, आणि आम्हाला त्यांचं कौतुक वाटतं, कारण छापलेला कागद फाडायला जिवावर येतं.

अन्नाच्या पाकिटावर कुठलाही रोग बरा होतो, टळतो किंवा आटोक्यात राहतो असं लिहिता येत नाही. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. याशिवाय १९५४ चा औषधे व जादुई उपचारांचा कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, मुतखडा, कर्करोग, लठ्ठपणा असे कितीतरी आजार आहेत, ज्यांवर इलाज असल्याची जाहिरातच करायची नाही. आणि जाहिरात म्हणजे काय? कायद्यात लिहिलंय, लेबल, वेष्टन, पत्रक, तोंडी पुकारा, प्रकाश, आवाज, अगदी धूरसुद्धा! धुराने कोण जाहिरात करत असेल देव जाणे, पण त्या काळच्या लोकांनी कुठलंच भोक ठेवलं नाही. तेव्हा यात्रेत भोंग्यावर ओरडलेलं आणि व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो, दोन्ही जाहिरातच.

हे फक्त आपल्यासारख्या गरिबांनाच लागू आहे असं समजू नका. यंदा सर्वोच्च न्यायालयात पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींचं प्रकरण तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. एप्रिलमध्ये त्यांना वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. आपल्या गटाकडे काय असणार?

मग शेवग्याच्या पावडरीचं काय? वैजापूरच्या ताई, तुमच्यासाठी सांगतो. पाला धुऊन, सावलीत वाळवून, दळून ‘शेवग्याच्या पानांची पावडर’ म्हणून विकलीत, आमटीत-भाकरीत घाला म्हणालात, तर तुमची अन्नाची नोंदणी आहे तिच्यात ती बसवता येते, अर्जात तसा पदार्थ नमूद करा. पण तीच कॅप्सूलमध्ये भरून ‘रोज दोन घ्या’ म्हणालात की ती पूरक आहारात गेली. त्याला वेगळे नियम, वेगळा परवाना, प्रयोगशाळेचे अहवाल, आणि लेबलावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापायचं. त्यात अश्वगंधा, शतावरी मिसळून आजाराचं नाव घेतलंत तर आयुर्वेदिक औषध, त्याचा परवाना आणखी निराळा. आमचं मत विचाराल तर कॅप्सूलच्या नादाला लागू नका. शंभर रुपयांचं यंत्र ऑनलाइन मिळतं म्हणून आपण औषध कंपनी होत नाही. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ या शब्दांनाही नियमांत अटी आहेत, तेही उगाच पेरू नका. ‘सेंद्रिय’ म्हटलं की प्रमाणपत्र कुठलं, हे दुकानदार पहिलं विचारतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. उटणं.

दिवाळीत उटण्याइतकं सोपं उत्पन्न दुसरं नाही. भांडवल कमी, वजन हलकं, पहिल्या आंघोळीला घरोघरी लागतं. गेल्या दिवाळीत आमच्या गटांतल्या कितीतरी बायांनी पोरांचे कपडे उटण्याच्या पैशांवर घेतले. मग शहरातल्या एका दुकानदाराने मोठी मागणी दिली, पाकीट हातात घेतलं, उलटून बघितलं आणि विचारलं, “ताई, यावर कॉस्मेटिकचा लायसन नंबर कुठंय?” अन्नाचा १४ आकडी क्रमांक होता. तो म्हणाला, हा उटण्याला चालत नाही. मागणी परत गेली. आम्हाला राग आला, पण त्याचं म्हणणं खरं होतं.

अंगाला, चेहऱ्याला, केसांना लावायची, चोळायची, ओतायची वस्तू, मग ती स्वच्छतेसाठी असो की सुंदर दिसण्यासाठी, १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधन ठरते. अंघोळीचा साबण त्यात आहे. केसांचं तेल, मेंदी, काजळ, तोंडाचे लेप त्यात आहेत. आणि कुंकूसुद्धा! हे विकण्यासाठी बनवायला २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली परवाना लागतो. त्यासाठी ठरलेली जागा, तपासणीची सोय आणि देखरेखीला फार्मसी किंवा रसायनशास्त्राचं शिक्षण झालेली व्यक्ती पाहिजे. तुम्ही उटण्याला आयुर्वेदिक म्हणालात तर आयुर्वेदिकचा परवाना लागतो. सुटका कुठूनच नाही. परवान्याशिवाय केलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अन्न आणि प्रसाधनं दोन्ही अन्न व औषध प्रशासनाकडेच येतात, पण टेबलं वेगळी. अन्नासाठी अन्न सुरक्षा अधिकारी, प्रसाधनांसाठी औषध निरीक्षक. चुकीच्या टेबलावर विचारलं की “काही लागत नाही” असं उत्तर मिळू शकतं.

बैठकीत एक आजी उठल्या. म्हणाल्या, “माझ्या आजीनं उटणं लावलं, मी लावलं, नातवाला लावते. तवा कुठलं लायसन होतं?” टाळ्या पडल्या. आजींचं चुकीचं नव्हतं. पण आजी ज्या नातवाला लावतात त्याची कातडी त्यांना माहीत आहे. कचोरा कुठून आणला, किती दिवस डब्यात होता, तेही माहीत आहे. सिडकोतल्या चौथ्या मजल्यावरच्या बाळाला यातलं काही माहीत नसतं. साबणाचं तर त्याहून नाजूक. त्यात कॉस्टिक सोडा असतो, प्रमाण जरा चुकलं, साबण पुरता मुरला नाही, तर कातडी पोळते. काजळ आणि कुंकवाच्या बाजारू रंगांत शिसं आणि पारा निघू शकतो, म्हणून नियमांत त्यांना मनाई आहे. शिसं डोळ्यांनी दिसत नाही. बांगलादेशात हळदीला पिवळा रंग यावा म्हणून शिशाचा रंग चोळायचे. २०१९ मध्ये बाजारातल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत तो सापडला. तिथल्या सरकारने छापे घातले, लोकांना समजावलं, आणि २०२१ पर्यंत नमुन्यांत तो सापडेनासा झाला. इतक्या थोड्या दिवसांत झालं हे.

तरीही एक गोष्ट आम्ही मनमोकळेपणे म्हणतो. अन्नाला १०० रुपयांचं दार आहे, प्रसाधनाला गरीब बाईसाठी दारच नाही. मसाला करणारी गावातली बाई कायद्यात बसते, साबण करणारी बसत नाही. प्रशिक्षणं मात्र साबणाची, अगरबत्तीची, फेसपॅकची सर्रास होतात, प्रमाणपत्र वाटतात, फोटो निघतात, आणि परवान्याचं नाव शेवटच्या दिवशीसुद्धा निघत नाही. यापुढे प्रशिक्षण घ्यायला जाल तेव्हा पहिल्या तासाला विचारा, हे विकायला कोणता कागद लागतो?

मग आम्ही काय ठरवलं? यंदा आमचा प्रभागसंघ स्वतः केलेलं उटणं विकणार नाही. दोन वाटा समोर आहेत. एक म्हणजे परवाना असलेल्या कारखान्यातून पक्क्या बिलावर तयार उटणं घ्यायचं आणि विकायचं. नुसतं विकायला वेगळा परवाना लागत नाही, पण पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक पाहिजे, आणि बिल जपून ठेवायचं. त्यात नफा कमी. दुसरी म्हणजे दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपल्या नावाने बनवून घ्यायचं, त्याला लोन लायसन म्हणतात, तोही अर्ज करूनच मिळतो. पुढच्या वर्षी चार प्रभागसंघ मिळून तो खर्च झेपतो का, याचा हिशेब मांडतो आहोत. यंदा पहिली वाट धरली आणि उरलेली ताकद फराळ आणि येसरावर लावली. उटण्याचे पैसे भरून निघतील का, हे लक्ष्मीपूजनानंतर वहीच सांगेल. दोन गट नाराज आहेत, ते आम्ही लपवत नाही.

अन्नाच्या कामाला पैशाची सोयही आहे. पीएमएफएमई नावाची केंद्राची योजना २०२० मध्ये सुरू झाली. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल आणि यंत्रासाठी कर्जावर ३५ टक्के अनुदान. ‘उमेद’च्या तालुका कक्षात किंवा कृषी विभागात चौकशी करा. टिकवण्याचं, पॅकिंगचं तंत्र शिकायचं तर परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे.

शेवटी, अधिकारी आले तर. आमच्याकडे दोनदा आले. बायांचं पहिलं मन होतं, दार लावून घ्या. तसं कधी करू नका. अडवणं हाच गुन्हा आहे. ओळखपत्र मागा, पाणी द्या, वही दाखवा. नमुना घेतला तर त्याचे पैसे त्यांनी द्यायचे असतात. नमुन्याचे चार भाग करून आपल्यासमोर सील करायचे असतात. एक सरकारी विश्लेषकाकडे जातो, दोन वरच्या अधिकाऱ्याकडे राहतात, आणि चौथा आपण मागितलं तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, आपल्या खर्चाने. तो मागायचा हक्क आहे, मागा आणि लिहून घ्या. वाचल्याशिवाय सही करू नका. चष्मा घरी राहिला असेल तर पोरीला बोलवा, साहेब पाच मिनिटं थांबतात. अहवाल विरुद्ध आला तर ३० दिवसांत अपील करता येतं, आणि ते दिवस अहवाल हातात पडल्यापासून मोजायचे, म्हणून पाकिटावरची पोस्टाची तारीखही जपा. कोणी पैसे मागून ‘मिटवतो’ म्हणालं तर मिटवू नका. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. ग्राहक म्हणून तुमचीच फसवणूक झाली असेल तर १९१५.

२०२४ मध्ये नोंदणी संपायच्या किमान महिनाभर आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकावा लागे, उशीर झाला की दिवसाला १०० रुपये वाढत जात. आमच्या खोलीत भिंतीवरच्या कालनिर्णयात ती तारीख लाल पेनाने लिहिली आहे, आणि त्याच पानावर काटा तपासायची तारीखही. पुढच्या भागात वैध मापनाचा अर्ज कसा भरायचा ते बघू. तोपर्यंत काट्याची पावती शोधून ठेवा.